पिंप भरायला किती आवेमारिया

एतेल्विना तोबोला आमच्या गावात पाणीचोर म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठीमागे सगळेच. त्रेचाळीस घरांना पाणी सोडायचं काम तिच्याकडे, आणि ज्याचा नळ कोरडा त्याला वाटायचं की हिने शेजारच्याला चार बादल्या जास्त सोडल्या. मी इथल्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवते आहे. ह्यातल्या निम्म्या लोकांना पाढे मी शिकवले. तरी सांगते, इतकी कृतघ्न माणसं शोधून सापडायची नाहीत. एतेल्विनाबद्दल लिहायला बसले ती मुख्यतः ह्याच रागापोटी. थोडा राग माझ्यावरही आहे, तो पुढे येईलच.

चोर्रो फ्रियो हे आमचं गाव डोंगराच्या अंगावर आहे आणि डोंगराच्या पोटात कोळसा आहे. वर बटाटे, गायी आणि आम्ही. खाली ला पेर्दिस नावाची खाण. एतेल्विना अठ्ठावन्न वर्षांची, बुटकी, अंगावर बारा महिने तीच तपकिरी लोकरीची रुआना आणि पायांत रबरी बूट. पहाटे पाच गायींची धार काढायची, दुधाचं कुआखादा चीज लावायचं आणि मग झऱ्यावर चढायचं. तिथे गाळणीतली पानं काढायची, टाकीत क्लोरीन टाकायचं, आज वरच्या आळीची चावी उघडायची की खालच्या हे ठरवायचं. बारा वर्षांत तिने एक दिवस खाडा केला नाही. तोंड मात्र फाटकं. तिच्याशी गोड बोलायला जावं तर तीच विचारायची, "काय काम काढलंत?"

खाणीशी तिचं पहिलं भांडण झालं ते फडक्यांवरून. कोळशाचे ट्रक ताडपत्रीशिवाय जायचे आणि चीज गाळायची तिची पांढरी फडकी दोरीवर वाळता वाळता काळी व्हायची. एक दिवस तिने चार फडकी उचलली आणि थेट खाणीच्या कचेरीत जाऊन टेबलावर टाकली.

"धुऊन द्या," म्हणाली.

टेबलापलीकडे याने कुस्बा नावाची पोर होती. सोगामोसो शहरातली मुलगी, पर्यावरणाची इंजिनिअर, नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला. दुसरी असती तर शिपायाला बोलावलं असतं. ह्या मुलीने बाह्या वर सारल्या आणि कचेरीच्या मोरीत दोन तास ती फडकी घासली. निघाली नाहीत. पुढच्या आठवड्यापासून ट्रकांवर ताडपत्र्या दिसायला लागल्या. पुढे तिनेच भांडून खाणीच्या पाण्याला गाळ बसवायच्या तीन टाक्या बांधून घेतल्या, त्यामुळे ओढा परत ओढ्याच्या रंगाचा झाला. खाणीतल्या लोकांबद्दल मला चांगलं बोलवत नाही, पण ह्या पोरीबद्दल बोलावं लागतं.

झऱ्यापाशी मात्र तिचेही हात टेकले. "दोन्या एतेल्विना, ट्रक माझ्या हातात आहेत. खालचा बोगदा कुठून न्यायचा ते वरचे ठरवतात," ती म्हणाली. मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात. "झऱ्याखालचा सत्तर मीटर कोळसा न काढता तसाच ठेवला तर झरा वाचेल. अवघड काही नाही. पण त्यासाठी पाणी एक तृतीयांशाहून जास्त घटलंय असं सरकारी खात्याला दाखवावं लागेल. मला आकडा द्या, बाकीचं मी बघते."

आकडा तर आमच्याकडे होताच. आमच्याइतका आकडा कुणाकडेच नव्हता.

एतेल्विना दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी झरा मोजायची. झऱ्याच्या पाइपाखाली दोनशे लिटरचं पिंप ठेवायचं आणि ते काठोकाठ भरेपर्यंत किती आवेमारिया, म्हणजे मारियामातेची ती छोटी प्रार्थना, म्हणून होतात ते मोजायचं. ह्यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे अंडंसुद्धा प्रार्थना म्हणून उकडतात. तिच्या आईने कधी घड्याळ बघितलं नव्हतं आणि हिच्या ओल्या हातांवर एकही घड्याळ टिकलं नव्हतं. पहिल्या वर्षी पिंप दहा आवेमारियांत भरायचं. म्हणजे जपमाळेतले बरोबर दहा मणी. घरी येऊन ती वहीत दहा रेघा ओढायची.

पहिल्याच वर्षी, खाण झऱ्याच्या दिशेने वळली तेव्हा, पहिला अर्ज मीच लिहिला होता. सरकारी खात्याला आवेमारिया कळणार नाही म्हणून मी मोबाइलचं घड्याळ लावून महिनाभर तिच्या मागे फिरले. थंडीत बघितलं, ती रागात असताना बघितलं, तिची गाय मेली त्या दिवशीही बघितलं. अकरा सेकंद. दर वेळी अकराच. मी अर्जात लिहिलं, "एक आवेमारिया म्हणजे अकरा सेकंद, शाळेच्या शिक्षिकेने तपासले," आणि खाली सही ठोकून शाळेचा शिक्का मारला. मला त्या शिक्क्याचा केवढा अभिमान होता.

पुढे पिंपाला अकरा लागायला लागल्या. मग बारा, तेरा. खाण पुढे सरकत होती तसं पाणी कमी होत होतं, सगळं दिसत होतं. मग चौदा झाल्या आणि तिथेच थांबल्या. तीन वर्षं चौदा. वहीत पानामागून पान, चौदा रेघा.

आणि ह्याच तीन वर्षांत नळ कोरडे पडले. आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. झरा तर तेवढाच आहे, मग पाणी जातं कुठे? दुकानात सातुरिया पिराझान बटाटे निवडता निवडता म्हणाली, "दोन्या एतेल्विनाच्या गायी बघितल्यात? कशा तुकतुकीत आहेत." एतेल्विना दारातच उभी होती. तिने घरी जाऊन वही आणली आणि सातुरियाच्या बटाट्यांवर आपटली. "चौदा! मोज! झऱ्याला चौदा लागतात तर तुझ्या नळाला पाणी का नाही, ते तुझ्या दिराला विचार. माझ्या पाइपाला भोक पाडून शेताला कोण नेतंय ते मी काढणार आहे शोधून."

झालं. त्या दिवसापासून ती गावाला चोर म्हणायची आणि गाव तिला. एवढं बोलून ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. ती गळती शोधायला निघाली. झऱ्यापासून गावापर्यंत तीन किलोमीटर पाइप, हातभर खोल पुरलेला. कुदळ घेऊन ह्या बाईने तो तुकड्यातुकड्याने उकरला, तपासला आणि परत बुजवला. दोन वर्षं हेच चाललं होतं. कुणी मदतीला आलं नाही. मी म्हटलं, "एतेल्विना, पुरे करा." ती म्हणाली, "बाई, तुमचं गणित शाळेत ठेवा." गळती सापडली नाही, कारण गळती नव्हतीच.

तिच्याबरोबर असायचा तो एक पास्तोर, तिचा नवरा. तो एखाद्या दगडावर बसून तिला पाण्याची बाटली द्यायचा आणि खणण्यातल्या चुका काढायचा. एकोणीस वर्षं तो ला पेर्दिसमध्ये दगड फोडायला होता. काम सोडताना खाणीच्या डॉक्टरने कागद दिला की फुप्फुसं निर्दोष. पास्तोरचा त्या कागदावर विश्वास होता. चार पावलं चढला की धाप लागायची, तर म्हणायचा, "उंचीमुळे होतं." जन्म ह्याच उंचीवर गेला होता त्याचा. सोगामोसोच्या डॉक्टरने फोटो काढून एतेल्विनाला एकटीला आत बोलावलं आणि सांगितलं की एक वर्ष, फार तर थोडं वर. हे तिने मला सांगितलं आणि शपथ घातली. "त्यांना कळता कामा नये, बाई. रोज सकाळी उठून ते सुमर्से कॉफी करतात मला. कळलं तर अंथरुणावरून उठायचे नाहीत." बायको नवऱ्याला सुमर्से म्हणते आमच्याकडे, आणि नवरा बायकोलाही.

सरकारी खात्याकडून ओर्दूस साहेब आले ते मे महिन्यात, भर पावसात. झऱ्यावर अर्धा तास थांबले, भिजले, एतेल्विनाची वही मागून घेतली आणि गेले. दोन महिन्यांनी पत्र आलं. अर्जदारांच्याच नोंदीनुसार पाणी अठ्ठावीस टक्के घटले आहे, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा कमी. शिवाय गेली तीन वर्षे पाणी स्थिर असून त्याच काळात खाण चारशे मीटर पुढे गेली आहे, सबब घट आणि खाण यांचा संबंध दिसत नाही. झऱ्याखालून बोगदा न्यायला हरकत नाही. फेरविचारासाठी मुदत दहा दिवस.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचीच वही आमच्याच डोक्यात घातली होती.

पत्र घेऊन मी संध्याकाळी सहाला तिच्या घरी गेले. दोघं जपमाळ घेऊन बसलेली. मध्ये बोलायची सोय नाही, म्हणून मी स्टुलावर टेकले. मी काही भाविक नाही. प्रार्थना चालू झाली की माझं लक्ष घड्याळाकडे जातं. आवेमारियाचं पहिलं अर्धं एतेल्विना म्हणायची आणि दुसरं पास्तोर. ती तिचं अर्धं म्हणून थांबायची. तो श्वास घ्यायचा, दोन शब्द म्हणायचा, परत श्वास घ्यायचा. ती त्याच्याकडे न बघता थांबायची आणि स्वतःचं अर्धंही तसंच सावकाश, मध्ये जागा सोडत म्हणायची, म्हणजे त्याला आपण मागे पडतो आहोत असं वाटू नये. एक मणी सरायला इतका वेळ लागत होता की चिडून मी सेकंदकाट्याकडे बघत बसले. एकोणीस. पुढचा एकोणीस. मग एक वीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन झऱ्यावर गेले आणि पिंप लावायला सांगितलं. पास्तोर घरी होता, ती एकटी म्हणत होती, तरी प्रत्येक ठिकाणी तशीच थांबत होती, त्याच्या श्वासाइतकी. एकोणीस सेकंद. चौदा आवेमारिया. पिंप भरायला साडेचार मिनिटं लागली. पहिल्या वर्षी दोन मिनिटंसुद्धा लागत नव्हती.

"काय झालं?" तिने विचारलं.

मी टाकीच्या भिंतीवर खडूने मांडून दाखवलं. झरा तीन वर्षं आटत होता आणि तिची प्रार्थना तेवढीच लांबत होती, म्हणून रेघा चौदाच राहिल्या. अठ्ठावीस टक्के नाही, निम्म्याहून जास्त पाणी गेलं होतं. आणि मी, शिक्का मारणारी मास्तरीण, पहिल्या वर्षी अकरा सेकंद मोजून जी निश्चिंत झाले ती परत एकदाही मोजायला आले नाही. मुलांनी असं केलं असतं तर मी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं असतं.

तिने भिंतीवरच्या एकेका आकड्यावर बोट ठेवलं. "म्हणजे दोन वर्षं मी उगाच खणत होते," म्हणाली. मग म्हणाली, "सातुरियाच्या दिराला मी चोर म्हटलं."

"ते नंतर बघू. अर्ज आज लिहायला हवा. प्रार्थना का लांबली ते त्यात सांगावं लागेल."

"वय झालं म्हणून लिहा."

"एतेल्विना, कोण विश्वास ठेवील?"

"वय झालं म्हणून लिहा, बाई. त्यांच्या श्वासाचं एक अक्षर जरी त्या कागदावर आलं तर मी तो फाडीन. झरा जाऊ दे मग."

मी वय झालं म्हणून लिहिलं.

फेरविचाराची बैठक शाळेतच झाली. ओर्दूस साहेब माझ्या खुर्चीवर, शेजारी खाणीचे वकील, याने कुस्बा कोपऱ्यात मान खाली घालून. लहान बाकांवर कसंबसं मावलेलं सगळं गाव. पास्तोर दाराजवळ बसला, कारण तिथे वारा येतो. मी हिशेब फळ्यावर मांडला. ओर्दूस साहेबांनी तो आपल्या वहीत उतरवून घेतला, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

मग वकील उठले. "वयामुळे प्रार्थना लांबली म्हणतात. ह्याच बाई मार्चमध्ये कुदळ घेऊन पाइप उकरत होत्या, सगळ्यांनी पाहिलंय. आज पिंपाला साडेचार मिनिटं लागत असतील, पण वहीत तीन वर्षं चौदा, चौदा, चौदा. अर्ज फेटाळला आणि अचानक प्रार्थना लांब झाली. हवी तेवढी लांब म्हणता येते की ती."

मागे कुणीतरी हसलं. आपल्याच लोकांपैकी.

माझ्याच्याने राहवलं नाही. "तिच्या नवऱ्याला," म्हणून मी सुरुवात केली आणि एतेल्विनाने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. पण वकिलाने तेवढं पकडलं.

"नवऱ्याचं काय? पास्तोर आमच्याकडेच कामाला होते. फुप्फुसं निर्दोष असल्याचा दाखला आहे. वाचू?"

पास्तोर उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. "धाप लागते मला जराशी," तो म्हणाला. "थंडीची. रोज संध्याकाळी ही माझ्यासाठी थांबते, त्याचीच सवय लागली असेल. त्यात लबाडी कसली आली? माझ्या बायकोला खोटं बोलायचं असतं तर ती चौदावर कशाला थांबली असती? साहेब, लावा घड्याळ. मी म्हणून दाखवतो."

"बसा खाली," एतेल्विना म्हणाली. "नाही म्हणायचं."

"का नाही? माझं काय जातं त्यात?"

ओर्दूस साहेबांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि मान हलवली.

पास्तोरने सुरुवात केली. सावकाश, थांबत थांबत त्याने पहिलं अर्धं म्हटलं. ते संपलं मात्र, आणि अख्ख्या गावाने जन्मभराच्या सवयीने दुसरं अर्धं उचललं. "पवित्र मारिये," सगळे एका सुरात, भरभर, पार शेवटच्या आमेनपर्यंत. कुणाच्या लक्षातही आलं नाही आपण काय केलं ते. पास्तोरला तेवढाच दम खायला मिळाला आणि तो समाधानाने उभा राहिला.

"सतरा," ओर्दूस साहेब म्हणाले.

"म्हणजे पाच-सहा सेकंदांचा फरक," वकील म्हणाले. "थंडीची धाप."

मी एतेल्विनाकडे बघितलं. इथे ती गप्प बसली असती तर पास्तोर घरी जाऊन सुखाने कॉफी करत राहिला असता. बोगदा झऱ्याखालून गेला असता, पाणी गेलं असतं आणि चोर ती ठरलीच होती. ती उठली. बाकाला गुडघा लागला तरी थांबली नाही, पुढे येऊन टेबलाशी उभी राहिली आणि गावाकडे तोंड केलं.

"तुम्ही नाही म्हणायचं," ती म्हणाली. "कुणीच नाही. त्यांना एकट्याला म्हणू द्या. सगळी."

पास्तोरने परत सुरुवात केली. आता मध्ये कुणी नव्हतं. पहिलं अर्धं झालं आणि तो नेहमीसारखा थांबला, पण पुढचं उचलायला कुणी आलं नाही, तेव्हा त्याने एतेल्विनाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. त्याने श्वास ओढला. त्याच्या छातीतून येणारा आवाज मागच्या बाकापर्यंत ऐकू जात होता. दोन शब्द, श्वास. एक शब्द, श्वास. "आता" म्हणून तो अडकला, बाकाला धरून वाकला, सातुरिया उठायला लागली तशी एतेल्विनाने हात वर करून तिला बसवलं. मग त्याने "आणि आमच्या मरणाच्या वेळी" म्हटलं, तीन तुकड्यांत, आणि आमेन.

"चौतीस," ओर्दूस साहेब हळूच म्हणाले.

"किती?" पास्तोरने विचारलं.

"लिहा," एतेल्विना ओर्दूस साहेबांना म्हणाली. त्यांनी लिहिलं. वकिलाने दाखला बॅगेत ठेवला. याने कुस्बा रडत होती, आणि नोकरी जाईल तर जावो अशा आवाजात तिने सांगितलं की बोगदा सरकला तसं पाणी आटलं, हे खाणीचा स्वतःचा नकाशासुद्धा दाखवतो.

तीन आठवड्यांनी आदेश आला. सत्तर नाही, पन्नास मीटर कोळसा झऱ्याखाली ठेवायचा. प्रार्थनेचा उल्लेख कुठेच नाही, "मोजणीच्या वेळेत दुरुस्ती करून" असं लिहिलंय. गेलेलं पाणी काही परत येणार नाही आणि ते कुणी परत करायलाही सांगितलेलं नाही. पिंपाला अजून साडेचार मिनिटं लागतात, फक्त त्याहून जास्त लागत नाहीत. एतेल्विना सातुरियाच्या दिराची माफी मागून आली. गावातलं कुणी तिची मागायला गेलं नाही. सातुरियाने मक्याच्या आरेपा भाकऱ्या पाठवल्या, तेवढ्यावरच भागवलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी बैठक संपल्यावर आम्ही तिघं चढ चढून घरी निघालो. पास्तोर दोनदा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा टोपी हातात धरून त्याने विचारलं, "सोगामोसोच्या डॉक्टरने सुमर्सेला काय सांगितलं होतं?"

मी पुढे चालायला लागले, पण चढावर आवाज वर येतो.

"एक वर्ष," एतेल्विना म्हणाली. "त्यातले सात महिने झाले."